नाणेघाट, भाद्रपद, वारा पश्चिमेचा

भाद्रपद सरत आलाय. वैशाखरे मागे टाकून तुम्ही महामार्ग सोडता आणि भातखाचरांच्या बांधावरून रानात शिरता. बांधाला तेरडा दाटलाय. पहिला ओढा आडवा येतो तेव्हा बूट काढावेत का, असा विचार मनात येतो. तिसऱ्या ओढ्यापर्यंत बूट कधीच भिजलेले असतात. समोर सह्याद्रीची भिंत उभी आहे. तिच्या कड्यावरून उतरणाऱ्या पांढऱ्या धारा मोजायला घेतल्या तर ढग मध्ये येतात आणि मोजणी चुकते. उंच टोकाला नानाचा अंगठा आहे. तिथेच जायचंय.

झाडी दाट होते तशी वाट चढू लागते. कारवीच्या झुडपांत पाणी पायवाटेवरूनच वाहतंय. मागे, खूप खाली, कल्याणहून माळशेजकडे निघालेल्या ट्रकचा हॉर्न ऐकू येतो. पुन्हा एकदा येतो. मग बराच वेळ येत नाही.

पायाखाली काहीतरी बदललंय. आतापर्यंतचे सुटे, घसरते दगड आता नीट बसवलेले आहेत. वाट रुंद झालीय, कडेची झुडपं तोडलेली आहेत. खालच्या वळणावरून आवाज येतो, तो घंटांचा. आधी एक, मग पाच-सात, मग मोजता येणार नाहीत इतक्या.

“आतल्या अंगाला हो, भाऊ! आतल्या अंगाला!”

तुम्ही पटकन डोंगराच्या बाजूला सरकता. बरं करता. लादलेला बैल अरुंद वाटेवर अंग घासत जातो. दरीच्या कडेला उभ्या माणसाची त्याला पर्वा नसते. एकामागून एक बैल वर चाललेत. पाठीवर दुतर्फा गोण्या. काहींत मीठ आहे, गोणीच्या शिवणीतून ते पांढरं दिसतं. काहींत तांब्याचे आणि शिशाचे गोळे, म्हणून बैल जड पावलं टाकतात. आणि गवतात गुंडाळून बांधलेले ते निमुळत्या बुडाचे, दोन कानांचे मातीचे कुंभ कोकणातल्या कुंभाराचे नाहीत. त्यांत इटलीची द्राक्षमदिरा आहे.

तुम्ही इसवी सनाच्या पहिल्या शतकात आहात. राज्य सातवाहनांचं आहे. खाली कल्याण बंदर, वर जुन्नर, पुढे प्रतिष्ठान म्हणजे पैठण, आणि पलीकडे तगर, आजचं तेर. हा तांडा म्हणजे सार्थ, त्याचा प्रमुख सार्थवाह. तो सगळ्यांत पुढे नाही, सगळ्यांत मागे चालतो. मागे राहिलेलं जनावर त्यालाच आधी दिसायला हवं.

चढ तीव्र होतो, दम लागतो, आणि तेव्हाच तो वारा लागतो. समुद्रावरून येणारा, ओला, पाठीत हात घालून वर ढकलणारा. डावीकडच्या कड्यावरून एक धार खाली झेपावते, अर्ध्यात थबकते आणि उलटी फिरते. वाऱ्याचा झोत कड्यावर आदळतो, त्याला पुढे जायला जागा नसते, म्हणून तो भिंतीला धरून वर उसळतो आणि खिंडीत कोंडला की आणखी जोर धरतो. पाणी त्याच्यासोबत माथ्यावर परत जातं. गुराखी पोरं तिथे तोंड वर करून भिजत उभी आहेत.

दोन हजार वर्षांनी हाच उलटा धबधबा पाहायला शनिवार-रविवारी इथे गाड्यांच्या रांगा लागतील. लोक पाहतील, ओरडतील, कड्याच्या फार जवळ जातील, आणि निम्मे लोक खालच्या लेण्यात न डोकावताच परततील. मला याचं मनापासून वाईट वाटतं. कारण ज्या वाऱ्याला ते हात पसरून उभे राहतात, त्याच वाऱ्याने हा घाट घडवलाय. हाच नैर्ऋत्य वारा पाठीशी घेऊन इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बंदरांतून जहाजं जुलैत निघतात आणि इकडचा समुद्र निवळू लागतो तेव्हा, सप्टेंबरच्या सुमारास, आपल्या किनाऱ्याला लागतात. तोच वारा सह्याद्रीला धडकून पाऊस पाडतो, ओढे भरतो, टाकी भरतो. पुढे वारा उलटा फिरला की तीच जहाजं सुती कापड आणि मौल्यवान खडे घेऊन परततात. बैलांच्या या रांगेला निघायची वेळ ठरवून देणारा तो वाराच.

आता पायऱ्या सुरू होतात, थेट कातळात खोदलेल्या. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेला लाव्हा, थरावर थर, आणि त्यात छिन्नीने काढलेल्या या पायऱ्या. कडा अजून धारदार आहेत. आज आपल्या बुटांना त्या गुळगुळीत आणि निसरड्या लागतात. इथे बैलाचा खूर त्यांवर घट्ट बसतो. खोदणाऱ्यांपैकी एकाचंही नाव कुठे कोरलेलं नाही.

नावं आहेत ती लेण्यात. तांडा थांबतो. बैलांना पाणी, माणसांना सावली. तुम्ही टाक्यातलं गार पाणी ओंजळीनं पिता आणि आत जाता. तिन्ही भिंतींना लागून दगडी बाक आहेत, त्यांवर थकलेली माणसं आडवी झालीत. मागच्या भिंतीत राजघराणं उभं आहे. सिमुक सातवाहन. राणी नायनिका, जिला आपण नागनिका म्हणतो, आणि राजा सातकर्णी. राजकुमार. नागनिकेचे वडील, महारठी त्रणकयिर. प्रत्येकाच्या डोक्यावर नाव कोरलेलं. तुम्ही त्यांचे चेहरे पाहता, आणि सावकाश पाहा, कारण तुमच्या काळात यांपैकी एकही चेहरा उरलेला नाही. वर नावं आणि खाली पायांच्या खुणा, एवढंच राहिलंय.

बाजूच्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरांच्या ओळी आहेत. सार्थवाहाचा लेखनिक बोट फिरवत वाचतो. त्याची प्राकृत तुम्हाला पुरती कळत नाही, पण पूर्ण परकीही वाटत नाही. धर्माला, इंद्राला, संकर्षण-वासुदेवांना, चंद्र-सूर्याला, चार लोकपालांना वंदन. मग यज्ञ: अश्वमेध, राजसूय. मग दानं: गाई, हत्ती, घोडे, रुप्याची भांडी, कार्षापण नाणी. एका आकड्यापाशी तो थांबतो. २४,४००. वीस हजारांची एक खूण, चार हजारांची दुसरी, चारशेंची तिसरी. शून्य नाही, स्थानाची किंमत नाही, तरी हिशेब चोख. व्यापाऱ्यांच्या वाटेवर राणीने आपला हिशेब लिहून ठेवला, ही जागेची निवड मला फार शहाणपणाची वाटते. इथून जाणाऱ्या व्यापाऱ्यांना आकडे वाचता येत होते. १८२८ साली ब्रिटिश अधिकारी विल्यम साइक्स या लेखापाशी पोहोचेल आणि पुढे संशोधक भगवानलाल इंद्रजी त्याच्या अभ्यासाला वाहून घेतील, तोवर मधली कित्येक शतकं वर चढणाऱ्यांना त्यातलं एक अक्षरही वाचता येणार नाही.

लेण्यापासून वर खिंड अरुंद होते. दोन्ही बाजूंना कातळ, मध्ये पायऱ्या, त्यांवरून खळाळतं पाणी. आणि मग एकदम आभाळ. घाटमाथा.

इथे भला मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं तुमच्या काळात सांगतात. सार्थवाह रक्कम चुकती करायला थांबलाय आणि बैलांच्या संख्येवरून घासाघीस चाललीय, तेवढ्यात तुम्ही अंगठ्याकडे धाव घेता. या बाजूने चढ सौम्य आहे, सोनकी आताच पिवळी होऊ लागलीय. टोकाला पोहोचता आणि कोकण पायाखाली येतं. उत्तरेला हरिश्चंद्रगडाचा पसारा, दक्षिणेला जीवधन आणि त्याच्या कुशीत वानरलिंगीचा सुळका, त्याहून लांब गोरख-मच्छिंद्रची जोडी. गडांना ही नावं अजून मिळायची आहेत.

पाण्याचा दुभाग इथे डोळ्यांनी दिसतो. पुढ्यात पडणारा थेंब उल्हासच्या खोऱ्यातून अरबी समुद्राला जाईल. पाठीमागे पडणारा कुकडीला, तिथून घोड, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला. वाऱ्याने परत फेकलेल्या धबधब्याचे काही थेंब वाट बदलतही असतील.

खालून हाक येते. जकात मिटलीय. तांड्यात एक यवन, म्हणजे ग्रीक माणूसही आहे, उन्हाने लालबुंद, पाय चोळत बसलेला. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आजही आहेत. त्यांपैकी इरिल नावाच्या एकाने पाण्याची दोन टाकी खोदवून दिली. हा घाट चढून आलेल्या माणसाने पाणीच दान करावं, हे तुम्हाला आता पटतं.

सार्थवाह बैल मोजतो, पुन्हा मोजतो, आणि मोकळ्या हातांनी उभ्या असलेल्या तुमच्याकडे एका बैलाची वेसण देतो. जुन्नर अजून लांब आहे, आणि अंधाराच्या आत निदान कुकडीकाठचं पहिलं गाव गाठायचंय.