वटवाघुळें आणि विषाणु : महाराष्ट्रांतील तीन नोंदी

वटवाघुळासंबंधींचा जुना उल्लेख शोधूं गेल्यास मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायापर्यंत जातां येतें. कोणत्या वस्तूच्या चोरीबद्दल कोणती योनि प्राप्त होते याची तेथें यादी असून गूळ चोरणारास ‘वाग्गुद’ ही योनि सांगितली आहे. ब्यूलरनें आपल्या १८८६ च्या भाषांतरांत या शब्दाचा अर्थ मोठें फलाहारी वाघूळ असा केला. प्रवरेच्या पाटपाण्यावर ऊस व फळबागा पिकविणाऱ्या श्रीरामपूर तालुक्यांतील बागाइतदारास हा अर्थ पटण्यास भाष्यकाराची गरज पडणार नाहीं. पेरूच्या बागेंतील रात्रीचा चोर कोण हें तो पक्कें ओळखून आहे. परंतु अलीकडे या प्राण्यावर फळें चोरण्याहून फार गंभीर आरोप आला आहे. मनुष्यास मारक ठरणारे कांहीं विषाणु वाघुळांच्या शरीरांत स्वस्थपणें नांदतात व तेथून अन्य प्राण्यांत उतरतात, असा तो आरोप होय.

हा विषय वैद्यकाचा असतां ऐतिहासिक त्रैमासिकांत कां, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर सोपें आहे. लेणीं, पडक्या गढ्या, भुयारें, देवळांचे अंधारे गाभारे हीं आमच्या वाचकांचीं जाण्यायेण्याचीं ठिकाणें आणि तींच वाघुळांचीं घरें. आंद्रे ब्रोसे या फ्रेंच अभ्यासकानें १९६२-६३ मध्यें मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत मध्य व पश्चिम हिंदुस्थानांतील वाघुळांवर जी लेखमाला लिहिली, तींतील वस्तिस्थानें वाचतांना आपण लेण्यांची यादीच वाचीत आहों असें वाटतें. शिवाय या आरोपाचा पुरावा कसा वाचावा हा प्रश्न मूलतः साधनांच्या परीक्षेचा आहे, आणि तें काम आमच्या परिचयाचें आहे.

हा पुरावा तीन प्रतींचा असतो. प्राण्याच्या रक्तांत विशिष्ट विषाणूविरुद्ध प्रतिपिंडें सांपडलीं, तर तो विषाणु किंवा त्याचा एखादा निकटचा भाऊबंद त्या शरीरांत पूर्वीं येऊन गेला एवढेंच सिद्ध होतें. मूळ पत्र गहाळ असून दुसऱ्या कागदांत त्याचा उल्लेख मिळावा, तसा हा प्रकार. विषाणूच्या आरएनएचा अंश मिळाला तर तो मूळ पत्राचा फाटका तुकडा समजावा. प्रयोगशाळेंत जिवंत विषाणु वेगळा करतां आला, तरच अस्सल हातीं आलें असें म्हणावें. या तीन प्रतींची सरमिसळ केल्यानें वर्तमानपत्रांतून फार घोटाळा झालेला आहे.

महाराष्ट्रांतील पहिली नोंद १९६५ ची आहे. पुण्यास १९५२ सालीं रॉकफेलर फाउंडेशन व भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांच्या सहकार्यानें विषाणुसंशोधन केंद्र निघालें. १९७८ पासून त्यास राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था हें नांव आहे. १९५७ सालीं शिमोगा जिल्ह्यांतील क्यासनूर जंगलांत माकडें मरूं लागलीं व पाठोपाठ माणसांस ताप येऊं लागला, तेव्हां त्या तापाचा विषाणु या केंद्रानें शोधून काढला. पुढें १९६५ मध्यें खुर्शेद पावरी व के. आर. पी. सिंग यांनीं पुण्याजवळच्या गुहानिवासी फलाहारी वाघुळांच्या रक्तांत याच विषाणूविरुद्ध प्रतिपिंडें आढळल्याचें प्रसिद्ध केलें. शिमोग्याचें जंगल कोठें आणि पुणें कोठें! तथापि या नोंदीवरून वाघूळ हेंच त्या तापाचें मूळ असें कोणी अनुमान काढलें नाहीं, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. तो रोग पसरविणारी मुख्य साखळी गोचीड व माकडें यांची, हा निर्णय कायम राहिला.

ज्या जातींत हीं प्रतिपिंडें मिळालीं ती रूसेटस लेशनॉल्टी. पाँडेचरीच्या नमुन्यावरून देमारे यानें १८२० मध्यें तिचें वर्णन केलें व लेशनो या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाचें नांव तिला दिलें. पुढील दोन्ही नोंदींत हीच जात येते.

दुसरी नोंद संक्षेपानें सांगतां येईल. २०१० च्या पाहणींत पश्चिम भारतांतील या जातीच्या वाघुळांपासून एक नवा विषाणु प्रत्यक्ष वेगळा करण्यांत आला व २०१४ मध्यें ‘मालसूर’ या नांवानें तो प्रसिद्ध झाला. चीनमधील एका गोचीडजन्य तापाच्या विषाणूशीं त्याचें जवळचें नातें आहे. येथें अस्सल हातीं आहे. मात्र त्यापासून माणसास रोग होतो असें त्या अस्सलांत लिहिलेलें नाहीं.

तिसरी नोंद महाबळेश्वरची, आणि गवगवा झाला तो हिचाच. मार्च २०२० मध्यें पुण्याच्या संस्थेच्या संशोधकांनीं बारीक जाळीं लावून वाघुळें धरलीं, त्यांच्या घशांतील व गुदद्वारांतील स्राव आणि रक्त तपासलें. निष्कर्ष २०२१ मध्यें छापले गेले. रूसेटस जातीच्या ३३ वाघुळांत निपा विषाणूविरुद्ध प्रतिपिंडें मिळालीं. याशिवाय रूसेटस व पिपिस्ट्रेलस या जातींच्या प्रत्येकीं एका वाघुळांत प्रतिपिंडें व विषाणूचा आरएनए हीं दोन्ही मिळालीं. म्हणजे उल्लेख पुष्कळ, फाटके तुकडे दोन. लेखकांनींही मथळ्यांत ‘संभाव्य’ हा शब्द घातला आहे. वर्तमानपत्रांनीं तो शब्द गाळला आणि महाबळेश्वरांत निपा आला अशी आवई उठली. मथळ्यांतील एक विशेषण गळाल्यानें सबंध कागदाचा अर्थ कसा फिरतो, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस आठवत नाहीं.

निपाचा स्वतःचा इतिहासही कागदपत्रें जपणाऱ्यांनीं वाचण्यासारखा आहे. १९९८-९९ मध्यें मलेशियांत फळझाडांखालीं बांधलेल्या डुकरांच्या गोठ्यांत वाघुळांचीं उष्टीं फळें पडलीं, डुकरांस रोग झाला व त्यांच्यापासून माणसांस. सुमारें १०५ माणसें दगावलीं व दहा लाखांवर डुकरें मारावीं लागलीं. सुंगाई निपा या गांवावरून विषाणूस नांव पडलें. बांगलादेशांत वाटेंत डुकरेंही लागलीं नाहींत: खजुराच्या झाडास रात्रभर टांगलेल्या मडक्यांतील रस वाघुळांनीं चाटला व सकाळीं तोच माणसें प्यालीं. २००१ मध्यें सिलिगुडीस ६६ जण आजारी पडून ४५ मेले, पण तो निपाच होता हें २००६ मध्यें छापून आलें. जपून ठेवलेले जुने नमुने पुन्हां तपासल्यामुळें तें कळलें. नमुने फेंकून दिले असते तर सिलिगुडीचा ताप अनामिकच राहता. मे २०१८ मध्यें केरळांत कोळिकोडजवळ पेरांब्रा येथें प्रथम एका विहिरींतील कीटकभक्षी वाघुळें तपासलीं, त्यांत कांहींच मिळालें नाहीं. मग वाघुळें निर्दोष असल्याची हाकाटी झाली. पुढें त्या भागांतील मोठीं फलाहारी वाघुळें तपासतां ५२ पैकीं १० मध्यें विषाणूचा आरएनए सांपडला. चुकीचें दफ्तर चाळून ‘नोंद नाहीं’ असा शेरा मारण्यापैकींच हा प्रकार.

इतके विषाणु बाळगून वाघूळ स्वतः कां मरत नाहीं? उडतांना त्याच्या शरीराची भट्टी इतर सस्तन प्राण्यांपेक्षां फार तापते. त्या ताणास तोंड देतां देतां शरीरांतील दाह आवरण्याची शक्ति त्यास आली असावी, असें बरेच अभ्यासक मानतात. विषाणु आटोक्यांत राहतो, पुरता नष्ट होत नाहीं, आणि माणसास मारणारा दाह तेथें भडकत नाहीं.

आतां मारण्याविषयीं. महामारीच्या दिवसांत वाघुळांचीं झाडें तोडा, गुहा धुरानें कोंडा, असें पुष्कळांनीं सुचविलें. युगांडांतील किताका खाणींत हें करून झालें आहे. तेथील खाणकामगारांस २००७ मध्यें मारबर्ग ताप झाला, म्हणून २००८ मध्यें तेथील रूसेटस वाघुळांचा संहार केला. चार वर्षांत नवीं वाघुळें वस्तीस आलीं, आणि पूर्वीं शेंकडा ५ च्या आसपास असलेलें बाधेचें प्रमाण शेंकडा १३ वर गेलें. त्याच वर्षीं जवळच्या वस्तींत रोगही उद्भवला. आपल्या कायद्यानेंही या प्राण्यास दीर्घकाळ दयामाया दाखविली नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पांचव्या अनुसूचींत फलाहारी वाघूळ उंदीर-कावळ्यांच्या पंक्तीस ‘उपद्रवी’ म्हणून बसलें होतें; ती अनुसूचि २०२२ च्या दुरुस्तीनें गेली. उलट खानापूर तालुक्यांत तळेवाडीजवळील बारापेडे गुहेंत प्रथम सांपडलेलें रॉटनचें वाघूळ त्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत वाघ-सिंहांबरोबर आहे.

गुहांत व पडक्या वाड्यांत शिरणाऱ्या वाचकांसाठीं कांहीं व्यवहाराच्या गोष्टी लिहितों. निपासारखा विषाणु प्राण्याच्या शरीराबाहेर ऊन व कोरडी हवा फार काळ सोसत नाहीं. साबणानें तो मरतो. म्हणून वर्षानुवर्षें माळ्यावर पडलेल्या रुमालांवरील वाळलेल्या विष्ठेपासून विषाणूपेक्षां बुरशीचेंच भय अधिक. ती विष्ठेंत दीर्घकाळ टिकते व श्वासावाटे फुप्फुसांत जाते. असे रुमाल कोरडे झटकूं नयेत. नाकातोंडावर मुखपट्टी व हातांत मोजे घालून, धूळ न उडवितां बाहेर आणावे व उघड्या हवेंत सोडावे. जेथें वाघुळें प्रत्यक्ष लटकत आहेत तेथें मशाल वा धूर नेऊं नये; बिथरलेल्या थव्याची लघवी व लाळ अंगावर पडते. निपचित पडलेलें वाघूळ उघड्या हातानें उचलूं नये, आणि लेण्याबाहेरच्या झाडाखालीं पडलेलें उष्टें फळ, कितीहि भूक लागली असली तरी, खाऊं नये.