कटर, सँडर, ग्राइंडरला व्हॅक्यूम कसा जोडायचा? धूळ उडण्याआधीच पकडण्याचं साधं गणित

घरात फर्निचरचं काम निघालं की पहिला बळी जातो पंख्याचा. मग कपाटातल्या कपड्यांचा, मग देव्हाऱ्याचा. मिस्त्री चार दिवसांनी जातात, भुसा मात्र पुढच्या दिवाळीपर्यंत सापडत राहतो. घरातल्यांना हा त्रास झाडू-फडक्याचा वाटतो. पण तोच मिस्त्री रोज आठ-दहा तास, वर्षानुवर्षं हीच धूळ श्वासातून ओढत असतो.

जालना म्हटलं की लोकांना सळई आणि बियाणं आठवतं. एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यांवर बोलायला प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, बातम्या आहेत. पण जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत, अंबडपासून भोकरदनपर्यंत, दोन-तीन माणसांवर चालणारी फर्निचरची आणि ग्रिल-गेटची दुकानं आहेत. तिथे धुळीवर उपाय म्हणजे तोंडाला रुमाल. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम १४ मध्ये ‘धूळ जिथे तयार होते, तिथून जितक्या जवळून ओढता येईल तितक्या जवळून ओढा’ अशा अर्थाची स्पष्ट तरतूद होती. पण दोन माणसांचं दुकान कायद्याच्या व्याख्येत ‘कारखाना’ नसतं. त्यामुळे हे काम दुकानदारानं आणि घरमालकानं स्वतःच करायचं आहे. आणि ते वाटतं तितकं महाग नाही.

दिसणारी धूळ आणि न दिसणारी धूळ

रंध्यातून निघणारा ढलपा किंवा कटरखाली पडणारा जाड भुसा फुफ्फुसात जात नाही. तो नाकातच अडकतो किंवा जमिनीवर पडतो. खरा प्रश्न आहे १० मायक्रॉनपेक्षा बारीक कणांचा. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. हे कण डोळ्यांना सुटे दिसत नाहीत. खिडकीतून उन्हाची तिरीप आली की तेवढं धुकं दिसतं. त्यातले सगळ्यात बारीक कण तासन्‌तास हवेत तरंगतात. म्हणजे मशीन बंद करून जेवायला बसलात तरी श्वासातून आत जाणं चालूच असतं.

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात ठेवते. नाक आणि सायनसच्या कर्करोगाशी तिचा संबंध सिद्ध झालेला आहे. आपलं लाडकं सागवान कठीण लाकडातच मोडतं. एमडीएफ आणि प्लायवूडच्या धुळीत लाकडासोबत गोंदही येतो.

दगड आणि काँक्रीटचं प्रकरण आणखी गंभीर आहे. तिथे सिलिका असते आणि तिच्यामुळे सिलिकोसिस होतो. फुफ्फुसावर वण पडत जातात आणि ते मागे फिरवणारं औषध नाही. मराठवाड्याचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, यात मोकळी सिलिका कमी असते. पण ओट्यासाठी बाहेरून येणाऱ्या ग्रॅनाइटमध्ये ती भरपूर असते, आणि हल्ली फॅशनमध्ये असलेल्या कृत्रिम क्वार्ट्झच्या काही स्लॅबमध्ये तर ९० टक्क्यांच्या वर. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून या कृत्रिम दगडावर थेट बंदीच घातली, ती ओटे कापणारे तरुण कामगार आजारी पडू लागल्यामुळे.

पाइप जवळच का हवा?

मेणबत्ती हातभर अंतरावरून फुंकून विझते. आता तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती विझवून बघा. विझणार नाही. फुंकलेली हवा एका दिशेत झोत बनून जाते, ओढलेली हवा मात्र चारही बाजूंनी येते. त्यामुळे पाइपाच्या तोंडापासून त्याच्या व्यासाइतकं लांब गेलं की हवेचा वेग साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो. ३५ मिलिमीटरच्या पाइपासाठी हे अंतर म्हणजे दीड इंचही नाही.

म्हणून एका माणसानं शेजारी उभं राहून व्हॅक्यूमचा पाइप ‘धरणं’ हा उपाय दिसायला बरा, कामाला अर्धवट. पाइप मशीनलाच जोडायला हवा. आणि ब्लोअरनं धूळ ‘साफ’ करणं तर उलटंच काम. खाली बसलेली बारीक धूळ आपण पुन्हा नाकाच्या उंचीवर आणून ठेवतो.

जोडणी: खरी अडचण व्यासाची

सँडर, जिगसॉ, चांगल्या सर्क्युलर सॉ यांना मागे धुळीचं तोंड दिलेलं असतं. बरेच लोक तिथे मशीनसोबत आलेली छोटी पिशवी लावतात. ती जाड भुसा पकडते आणि बारीक कण कापडातून बाहेर सोडते. पिशवी काढून तिथे व्हॅक्यूम लावायचा, एवढंच काम आहे. पण प्रत्येक कंपनीचं माप वेगळं. कुणाचं २७, कुणाचं ३२, कुणाचं ३५ मिलिमीटर. शिवाय ते माप आतून की बाहेरून, हाही घोळ असतो.

मापाचे तयार ॲडॅप्टर ऑनलाइन मिळतात. पण जालन्यात याहून सोपी सोय आहे: ठिबक सिंचनाचं आणि पीव्हीसी पाइपांचं दुकान. पीव्हीसी पाइप बाहेरून मोजून २०, २५, ३२, ४०, ५० मिलिमीटर अशा मापांत येतात आणि त्यांचे रिड्युसर काउंटरवर पडलेले असतात. व्हर्नियरनं मशीनचं तोंड आतून-बाहेरून मोजा, मापं कागदावर लिहा आणि दुकानात जाताना व्हॅक्यूमचा पाइपच सोबत न्या. किंचित घट्ट बसत असेल तर शेतकरी पाइप जोडताना करतात तेच करा. पीव्हीसीचं तोंड उकळत्या पाण्यात किंवा हॉट एअर गननं मऊ करून फुगवून घ्या. थेट ज्योतीवर धरू नका, जळालेल्या पीव्हीसीचा धूर विषारी असतो. किंचित सैल असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा चार बोटं तुकडा आणि एक क्लिप. ही जुगाड जोडणी कित्येकदा विकतच्या प्लास्टिक ॲडॅप्टरपेक्षा हवाबंद बसते.

मार्बल कटरचं मात्र अवघड आहे. आपल्याकडे लाकडी पातं लावून यावरच प्लाय कापतात. मुळात हे मशीन त्या कामाचं नाही, आणि याला धुळीचं तोंडही नसतं. बाजारात पात्यावर बसवायची आच्छादनं मिळतात, पण ती त्याच मॉडेलची हवीत आणि मूळ गार्ड काढावं लागत असेल तर घेऊच नका. दगड किंवा टाइल कापायची असेल तर व्हॅक्यूमपेक्षा पाणी बरं. कटरला पाण्याची नळी लावायची सोय असते, ती बहुतेक ठिकाणी डब्यात पडून असते. ती वापरा आणि प्लग अर्थ लीकेज ब्रेकर असलेल्या सॉकेटमध्येच लावा.

कोणता व्हॅक्यूम?

घरातला सोफा साफ करायचा व्हॅक्यूम या कामाला लावू नका. त्यातल्या बहुतेक मोटारी ओढलेल्या हवेवरच थंड होतात. फिल्टर पुट्टीनं चोंदला की हवा थांबते आणि मोटार जळते. ओल्या-सुक्या दोन्ही कामांच्या व्हॅक्यूममध्ये मोटार थंड करायची हवा वेगळ्या वाटेनं येते, म्हणून तो टिकतो.

वॉट बघून भुलू नका, फिल्टर बघा. साध्या फोमच्या फिल्टरमधून नेमके तेच बारीक कण मागच्या जाळीतून परत खोलीत येतात. म्हणजे आपण धूळ गाळून, अधिक बारीक करून फवारतो. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. युरोपात व्हॅक्यूमचे वर्ग आहेत: एल वर्गातून जास्तीत जास्त १ टक्का धूळ निसटते, एम वर्गातून ०.१ टक्का, एच वर्गातून ०.००५ टक्के. लाकूड आणि काँक्रीटसाठी एम बरा. तेवढं बजेट नसेल तर साधा मजबूत व्हॅक्यूम, आत कागदी किंवा कापडी बॅग आणि त्यावर हेपा फिल्टर.

आता फिल्टर चोंदण्याचा प्रश्न. पुट्टी आणि पीओपीची पूड फिल्टर काही मिनिटांत बंद करते. उत्तर डाळ मिलच्या छपरावर उभं आहे. तो पत्र्याचा उलटा शंकू पाहिलाय ना? तो सायक्लोन. हवा कडेनं आत शिरते, गरगर फिरते, जड कण भिंतीला घासत खाली पडतात आणि हलकी झालेली हवा मधून वर निघून जाते. जेम्स डायसनला बिनपिशवीच्या व्हॅक्यूमची कल्पना सुचली ती लाकडाच्या मिलवरचा असाच शंकू बघून. त्यानंतर त्यांनी ५,१२७ नमुने बनवले. आपल्याला एवढं करायची गरज नाही. छोटा प्लास्टिकचा सायक्लोन विकत मिळतो, तो झाकणबंद बादलीवर बसवून मशीन आणि व्हॅक्यूमच्या मध्ये जोडायचा. बहुतेक भुसा बादलीत पडतो, फिल्टरपर्यंत थोडाच जातो. बादली मात्र जाड हवी. पेंटची पातळ बादली, पाइप तुंबला की, आत चेपते.

सॉकेट, झटका आणि ठिणगी

१२०० वॉटचा व्हॅक्यूम आणि ३०० वॉटचा सँडर मिळून १५०० वॉट. २३० व्होल्टला हे साडेसहा अँपिअर होतात. म्हणजे घरातला ६ अँपिअरचा सॉकेट आणि त्यावर टांगलेला एक्स्टेंशन बोर्ड इथेच हरला. १३०० वॉटचा कटर असेल तर ११ अँपिअरच्या आसपास. १६ अँपिअरचा सॉकेट आणि जाड वायर लागतेच. काही व्हॅक्यूमवर मशीनसाठी सॉकेट असतो. मशीन सुरू केलं की व्हॅक्यूम आपोआप सुरू होतो आणि मशीन थांबल्यावर काही सेकंद चालून पाइप रिकामा करतो. ही सोय नसेल तर हातानं तेच करा: आधी व्हॅक्यूम सुरू, शेवटी व्हॅक्यूम बंद.

कोरड्या हवेत, म्हणजे आपल्याकडे पावसाळा सोडून जवळजवळ वर्षभर, प्लास्टिकच्या पाइपातून धूळ घासत गेली की स्थिर वीज साठते आणि हाताला चटका बसतो. चटका जीवघेणा नसतो, पण चालू मशीनवरचा हात दचकून सुटणं धोक्याचं. अँटिस्टॅटिक पाइप घ्या आणि तीन पिनचा, अर्थिंग असलेला प्लग कापून दोन पिनचा करू नका.

ग्रिल-गेटवाल्यांसाठी एकच गोष्ट, पण महत्त्वाची. लोखंडावर चालणाऱ्या ग्राइंडरला हा व्हॅक्यूम कधीच जोडू नका. आत भुसा आहे आणि वरून ठिणगी गेली तर आग लगेच दिसत नाही. ती तासन्‌तास धुमसते आणि दुकान बंद झाल्यावर पेटते. लाकडाचं आणि लोखंडाचं काम एकाच शेडमध्ये असेल तर रोज संध्याकाळी बॅग किंवा बादली बाहेर रिकामी करून जा.

व्हॅक्यूम लावला म्हणून मास्क सुटत नाही. एन-९५ लावा, गमछा किंवा ओला रुमाल बारीक कण अडवत नाही. फिल्टर झटकताना तर मास्क हवाच. झटकायचा तोही बाहेर, वाऱ्याकडे पाठ करून.

बादलीत साठलेल्या भुशाचं काय, असंही बरेच जण विचारतात. निव्वळ सागवान किंवा बाभळीचा असेल तर भुशाच्या शेगडीत चालेल. प्लाय, एमडीएफ, सनमायका किंवा पॉलिश मिसळलेला भुसा मात्र चुलीतही नको आणि गोठ्यात गुरांखाली अंथरायलाही नको. तो पोत्यात बांधून कचऱ्याच्या गाडीला द्या.