वजनाच्या वहीचा मागोवा

'गोड बंद करा, चालायला लागा.' तपासणीत साखर निघाली की पहिल्यांदा हेच ऐकावं लागतं. खापर सगळं आजच्या ताटावर. पण या आजाराचं खातं कधीकधी जन्माआधीच उघडलेलं असतं, हे कळलं ते एका जुन्या वहीमुळे.

इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाईंनी बाळांच्या नोंदी ठेवायला लावल्या. जन्मतः वजन किती, दूध अंगावरचं की बाटलीचं, वर्षाचं झाल्यावर वजन किती. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठीच्या सैन्यभरतीत पोरं अशक्त निघाली होती, त्याची ही धास्ती. हेतू फार थोर नव्हता, वही मात्र चोख! संशोधक डेव्हिड बार्कर यांच्या चमूने ती पुढे धुंडाळली. ज्यांचं वजन जन्मतः आणि पहिल्या वर्षात कमी भरलं होतं, त्या पुरुषांत हृदयविकाराचे मृत्यू जास्त, असं त्यांनी १९८९मध्ये मांडलं. पुढे मधुमेहाचंही तसंच निघालं.

तो धागा पुण्यात आला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३मध्ये जवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. आयांचं सरासरी वजन जेमतेम ४२ किलो. बाळ जन्मलं की वजन, लांबी, मग खवाट्याखालची कातडी चिमट्यात धरून तिची जाडी. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं सरासरी ३.५ किलोची, इथली २.७. दंड काडीसारखे, पोट लहान. पण खवाट्याखालची चरबी जवळपास टिकून! दिसायला रोड, आतून चरबीचं. पोटात असताना कमी मिळालं, तर शरीर मेंदू सांभाळतं आणि स्नायूंवर काटकसर करतं. पुढे तेच मूल शहरात येतं, बसून काम करतं, भरपूर खातं. काटकसरीच्या शरीराला ते झेपत नाही.

याज्ञिकांनी स्वतःचंच उदाहरण दिलं. २००४मध्ये लंडनचे संशोधक जॉन युडकिन आणि ते शेजारी शेजारी उभे असलेला फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच: २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२.

म्हणजे दोष आईचा? मुळीच नाही. या गावांत जिच्या वाट्याला शेतातलं आणि घरातलं कष्टाचं काम जास्त, तिचं बाळ लहान. जी पालेभाजी, फळं, दूध वरचेवर खात होती, तिचं बाळ मोठं. आता आपल्याच घरात बघा: सगळ्यांचं वाढून झाल्यावर जी शेवटी जेवायला बसते, तिच्या ताटात पालेभाजी किती उरते?