श्वसनोपचारतज्ज्ञ : दूरसेवेतील व्यावसायिक जबाबदारी

दमा, सीओपीडी (फुप्फुसांचा दीर्घकालीन अवरोधक आजार), घरी चालू असलेला ऑक्सिजन किंवा बायपॅप (मास्कद्वारे श्वासाला आधार देणारे यंत्र) अशा रुग्णांची फोनवरून, व्हिडिओ कॉलवरून अथवा यंत्राकडून येणाऱ्या नोंदींवरून देखरेख करताना श्वसनोपचारतज्ज्ञावर येणारी कायदेशीर, तांत्रिक व नैतिक बंधने. रुग्ण समोर नसला म्हणून ती सैल होत नाहीत. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात हा व्यवसाय 1991 च्या स्वतंत्र कायद्याखाली येतो आणि दूरसेवेलाही तिथे प्रत्यक्ष सेवेचेच निकष लावले जातात.

भारतात 25 मार्च 2020 रोजी दूरवैद्यक व्यवसायाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. ती नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत. परिचारिका, सहायक वैद्यकीय व्यावसायिक वगैरेंना त्यांत ‘आरोग्य कर्मचारी’ म्हणून स्थान आहे. रुग्णाला दूरसल्ल्याचे फायदे व मर्यादा समजावणे, त्याची संमती घेणे, तपासणीत आढळलेले डॉक्टरांना नीट कळवणे आणि डॉक्टरांनी सांगितलेले उपचार रुग्णाच्या मनावर ठसवणे ही त्यांची कामे. रुग्णाने स्वतः फोन केला तर संमती गृहीत धरतात. कर्मचाऱ्याने संपर्क सुरू केला तर ती स्पष्ट शब्दांत घ्यावी लागते. पुढे 2021 च्या राष्ट्रीय सहायक व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने श्वसन तंत्रज्ञांना अधिकृत व्यवसायांच्या यादीत घेतले आणि नोंदणी व आचारसंहितेची चौकट दिली. औषध लिहून देण्याचा अधिकार मात्र त्यामुळे मिळत नाही. ‘आता फवारा दोनऐवजी चार वेळा घ्या’ हे वाक्य डॉक्टरांच्या लेखी आदेशाशिवाय फोनवर उच्चारणे ही मर्यादा ओलांडणेच होय.

जळगाव जिल्ह्यातील बोदवडसारख्या तालुक्यात या कामाचे खरे स्वरूप दिसते. हा कापसाचा पट्टा. जिनिंगमधील धूळ, चुलीत जळणाऱ्या पऱ्हाट्या, विडी आणि उन्हाळ्यात पंचेचाळिशीकडे जाणारा पारा, सगळे छातीवरच येते. प्रशिक्षित श्वसनोपचारतज्ज्ञ मोठ्या रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांतच प्रामुख्याने आढळतो. खेड्यातला रुग्ण उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यामार्फत ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवर डॉक्टरांशी जोडला जातो. त्यामुळे तज्ज्ञाला दुसऱ्याच्या डोळ्यांनी आणि हातांनी तपासावे लागते. प्रश्नही त्या भागाचेच हवेत. कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजारात सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते. कामाचे वार विचारले नाहीत तर हा धागा निसटतो. स्वयंपाक कुठे होतो, धूर कुठून बाहेर जातो, हेही विचारायलाच हवे.

पडद्यावर दिसणारा आकडा पडताळल्याशिवाय नोंदवू नये. ऑक्सिमीटर लावण्याआधी बोट गरम आहे ना, नखावर गडद पॉलिश किंवा काळी मेंदी नाही ना, हात स्थिर आहे ना, हे बघावे. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी प्रत्यक्षाहून जास्त पातळी दाखवते, म्हणून 93 किंवा 94 ला निर्धास्त राहणे धोक्याचे. श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा. रुग्ण अख्खे वाक्य बोलतो की दोन शब्दांवर थांबतो, मानेचे स्नायू ताणले जातात का, ओठांचा रंग कसा आहे, हे कॅमेऱ्यातून कळते. छातीतले आवाज कळत नाहीत. जे ऐकले नाही ते ‘तपासता आले नाही’ असेच लिहावे; नोंदवहीतला ‘छाती स्वच्छ’ हा शेरा तिथे खोटा ठरतो.

इनहेलर शिकवणे हे दूरसेवेतले सर्वांत फलदायी काम म्हणता येईल. ‘समजलं का?’ या प्रश्नाला सगळेच ‘हो’ म्हणतात. म्हणून रुग्णाकडून कॅमेऱ्यासमोर करून घ्यावे: डबी हलवली का, आधी श्वास पूर्ण सोडला का, दाबणे आणि ओढणे एकाच वेळी झाले का, श्वास दहा सेकंद रोखला का, स्टेरॉइड असल्यास नंतर चूळ भरली का. वेळ साधत नसेल तर स्पेसरची गरज डॉक्टरांना कळवावी.

घरचा ऑक्सिजन असेल तर कॅमेरा खोलीभर फिरवून घ्यावा. कॉन्सन्ट्रेटर भिंतीला चिकटवलेला नसावा. चूल, देवासमोरचा दिवा आणि विडी यांपासून नळी दूर असावी. वीज गेली तर भरलेला सिलिंडर आहे का, तो उघडता कोणाला येतो, हे आधीच ठरलेले असावे. धाप वाढली की घरचे लोक ऑक्सिजनचा प्रवाह वाढवून मोकळे होतात. कार्बन डायऑक्साइड साचण्याचा धोका असलेल्या सीओपीडीच्या रुग्णात रक्तातील ऑक्सिजन पातळीचे लक्ष्य सहसा 88 ते 92 टक्के असते आणि जास्तीचा ऑक्सिजन त्याला गुंगीत नेऊ शकतो, हे कुटुंबाला आधीच बजावून ठेवणे तज्ज्ञाचे कर्तव्य आहे.

गोपनीयता हा खेड्यात नाजूक भाग. फोन बहुधा मुलाचा किंवा शेजाऱ्याचा असतो. बोलण्याआधी पलीकडे कोण आहे, रुग्णाजवळ कोण बसले आहे आणि त्यांच्यासमोर बोललेले चालेल का, हे विचारावे. रुग्ण अल्पवयीन असेल तर ओळख पटलेली प्रौढ व्यक्ती सोबत हवीच. रुग्णाचे व्हिडिओ कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकण्याची सवय सोयीची खरी, पण समर्थनीय नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 नेही संमतीला मध्यवर्ती स्थान दिले आहे.

कुठे थांबायचे हे ओळखणे ही सर्वांत जड जबाबदारी. बोलताना शब्द तुटणे, ओठ निळसर होणे, गुंगी, किंवा घरघर अचानक बंद होऊनही धाप कायम राहणे यांपैकी काहीही दिसले तर सल्ला देत बसू नये. डॉक्टरांना तत्काळ कळवून, त्यांच्या सूचनेनुसार प्रथमोपचार सुरू करून 108 ची रुग्णवाहिका मागवावी आणि रुग्णाला बोदवडच्या ग्रामीण रुग्णालयात, गरजेनुसार पुढे भुसावळ किंवा जळगावला पाठवावे. त्यासाठी प्रत्येक कॉलच्या सुरुवातीलाच रुग्णाचा नेमका पत्ता आणि जवळच्या माणसाचा नंबर लिहून घेतलेला असावा. संपर्क तुटल्यावर हे शोधायला वेळ नसतो.