खिळ्याबाहेरचे अक्षर

मराठी छपाईच्या इतिहासात सुबक अक्षराला मोठा मान आहे. खेळकर अक्षराला मात्र जवळजवळ जागाच नाही. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये मुंबईत टाइप फाउंड्री काढली आणि पाच वर्षांनी निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू यांच्या हातचे ठसे असे नेटके उतरले की पुढे कित्येक दशके देवनागरी ग्रंथ म्हटला की निर्णयसागरी वळणच डोळ्यांपुढे येई. पण ते वळण शास्त्राचे आणि काव्याचे. साबणाच्या वेष्टनावर किंवा लाडवांच्या पुड्यावर ते सोवळे नेसून बाजारात आल्यासारखे दिसते. बाजाराला लागणारे फुगीर, नाचरे अक्षर मराठीत आले ते खिळ्यांच्या छापखान्याबाहेरून: शिळाछापाच्या दगडावरून, जस्ताच्या ब्लॉकवरून आणि मुख्य म्हणजे दुकानाच्या पाटीवरून. आज क्रोशाच्या पिशव्या किंवा घरगुती मसाले विकणारी एखादी बाई नावासाठी फॉन्ट शोधते तेव्हा तिच्या हाती या दुसऱ्या घराण्याचा वारसा येतो. हे घराणे एकेक नाव सुटे रंगवणारे होते, अख्खी वर्णमाला घडवणारे नव्हे. आजची निवड कुठे जमते आणि कुठे फसते, हे त्यावरून कळते.

खेळकर अक्षर छापखान्यात का रुजले नाही, याचे कारण रसिकतेत शोधण्यापेक्षा हिशेबात शोधावे. इंग्रजी ठशांचा एक संच शंभर-सव्वाशे खिळ्यांत भागे. त्यामुळे इंग्लंडच्या फाउंड्र्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच भित्तिपत्रकांसाठी जाड, काळीभोर अक्षरे ओतली, आणि १८२७ मध्ये अमेरिकेत डेरियस वेल्स याने मोठी लाकडी अक्षरे यंत्राने कापायची सोय केली. देवनागरीत स्वर, व्यंजने, काना-मात्रा, जोडाक्षरे, रफार मिळून खिळ्यांची संख्या कित्येक शेकड्यांत जाई, आणि हे सगळे प्रत्येक आकारासाठी वेगळे. टिळकांसारख्या माणसाने ती दोनशेच्या आत आणण्यासाठी डोके खपवले, यावरूनच दुखणे किती खोल होते ते कळते. जो खर्च नेहमीच्या मजकुरालाच झेपत नव्हता, तो वर्षातून चार वेळा लागणाऱ्या गमतीच्या अक्षरासाठी कोण करणार?

ठळक आणि मोठे टाइप मराठीत होतेच की, असे कोणी म्हणेल. होते, जुन्या वर्तमानपत्रांचे मथळे त्याची साक्ष देतात. पण ठळक असणे वेगळे आणि खेळकर असणे वेगळे. ते टाइप म्हणजे मजकुराचेच अक्षर अंगाने भरलेले. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: पाट्यांवरची अक्षरे तरी कुठे आपली होती? मागे पडलेली सावली, वीट रचल्यासारखी जाडी, कडेची सोनेरी रेघ हे सगळे इंग्रजी पाट्यांवरूनच उचललेले. यात तथ्य आहे. पण ही उसनवारी अक्षराच्या अंगावरच्या कपड्यांची होती. हाडे बोरूचीच राहिली. देवनागरीचा बोरू इंग्रजी टाकाच्या उलट्या तिरक्या कापाचा, म्हणून जाड आणि बारीक रेघा पडतात त्याही उलट्या बाजूंना. चपट्या ब्रशने रंगवणाऱ्या पेंटरचा हातही बहुधा त्याच वळणाने चाले.

त्या पेंटरचे काम जवळून पाहिले तर मुद्दा उघड होतो. रंगाने भिजवलेला दोरा ताणून, झटका देऊन तो पत्र्यावर दोन ओळी पाडणार, खडूने सबंध नाव हलके मांडून पाहणार, कुठे वेलांटी लांबवता येईल, कुठे दोन उकार एकमेकांवर आदळतात ते ताडणार आणि मगच रंगाचा डबा उघडणार. त्याला ‘झ’ कसा दिसेल याची फिकीर नव्हती, नावात ‘झ’ नसेल तर. नाटकांच्या जाहिरातींसाठी कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी जी नावे रेखाटली, त्यांचीही रीत हीच, फक्त पातळी फार वरची. ‘मत्स्यगंधा’ची अक्षरे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ला चालत नाहीत, नाटक बदलले की लिपीचा स्वभावच बदलला पाहिजे, असा तो हट्ट. एका शब्दापुरते अक्षर घडवण्यात खिळ्यांचा हिशेब आडवा येत नाही, म्हणूनच मराठीतला अक्षरांचा खेळ तिथे बहरला.

पुढे संगणकावरची जुळणी आली. श्री-लिपी, आकृती यांनी सजावटी अक्षरांचा मोठा साठा उघडला, आणि फ्लेक्सच्या काळात ती हवी तशी ताणली गेली. या पर्वावर फार शब्द खर्चावेत असे मला वाटत नाही. त्या अक्षरांची संकेतव्यवस्था ज्याची त्याची खासगी होती. फलकावर छापलेले नाव संकेतस्थळावर किंवा फोनवर गेले की त्याची निरर्थक चिन्हे होत.

खरा पालट युनिकोड फॉन्ट मोफत मिळू लागल्यावर, २०१५ च्या आसपास झाला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला ‘मोदक’ पाहा: अक्षर इतके फुगवलेले की पोटातली पोकळी केसाएवढ्या रेघेवर येते, तरी शब्द वाचता येतो. त्यांच्याच ‘बलू’मध्ये तोच गोंडसपणा अनेक भारतीय लिप्यांत आहे. ‘यात्रा वन’ तर मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेला, आणि त्यातली इंग्रजी अक्षरे देवनागरीच्या तिरपेने चालतात. उसनवारीची दिशा इथे चक्क उलटली.

यावर तक्रार अशी की आता प्रत्येक केकवाली आणि राखीवाली त्याच दोन-तीन फॉन्टांत दिसते. पेंटरच्या काळी दोन पाट्या सारख्या नसत. तक्रार खरी, पण अर्धी. चांगल्या अक्षरकाराचे मानधन छोट्या धंद्याला तेव्हाही परवडत नव्हते, आणि गल्लोगल्लीच्या सगळ्याच पाट्या काही देखण्या नव्हत्या. गेला तो वेगळेपणा नव्हे. गेली ती नाव आधी मांडून पाहण्याची पायरी. फॉन्ट करणाऱ्याने सगळ्या अक्षरांना आगाऊ खेळायला लावलेले असते, तुमच्या नावात ती एकमेकांशी कशी वागतील हे त्याला ठाऊक नसते. शिरोरेघ तोडणारा फॉन्ट डौलदार दिसतो, पण ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यातला भेद मुख्यतः त्या रेघेवरच उभा आहे. ‘घरगुती’चे ‘धरगुती’ व्हायला वेळ लागत नाही. ‘ख’चा पाय नीट जुळला नाही तर खव्याच्या पोळ्या रव्याच्या होतात, आणि गिऱ्हाईक पैसे खव्याचे मोजत असते.

हिंदीसाठी आखलेल्या फॉन्टांत अडचण आणखी वेगळी. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ मराठीसाठी ठरवून दिले. अनेक फॉन्टांत ते असतातही, पण भाषा मराठी आहे हे प्रणालीला कळले तरच बाहेर येतात, आणि जाहिराती करायची सोपी साधने बहुधा ते विचारतच नाहीत. ‘न्याऱ्या’सारख्या शब्दातला अर्धा र, ‘ॲक्सेसरीज’मधला २००८ मध्ये युनिकोडात आलेला ‘ॲ’ हेही बऱ्याच सजावटी फॉन्टांत तुटतात किंवा दुसऱ्याच फॉन्टातून उसने येऊन नावात परके दिसतात. फॉन्टाच्या नमुन्यात हे काही दिसत नाही, कारण नमुन्याचा शब्द फॉन्ट करणाऱ्याने निवडलेला असतो. निवडीआधी स्वतःचे नाव, जोडाक्षरांसकट, लेबलाच्या खऱ्या मापात छापून हातभर अंतरावरून वाचावे लागते. पेंटर हे खडूने करीत असे आणि त्याचे वेगळे पैसे लावत नसे.