उरलेल्या कोंबडीची पाई

सणाच्या दुसऱ्या दिवशीं उरलेल्या मांसाचें काय करावें, हा प्रश्न देशोदेशींच्या गृहिणींस पडत आला आहे. इंग्रज गृहिणींनीं त्याचें जें एक उत्तर काढिलें, त्या पाईची हकीकत आम्ही वाचकांस थोडक्यांत सादर करितों.

मध्ययुगांत पाईचें कवच हें मुख्यत्वें मांसाचें भांडें असे. तें जाड व कठीण करीत. भाजल्यावर भोंकांतून आंत चरबी वा लोणी ओतीत, म्हणजे वारा न लागून मांस टिके. हॅना ग्लास बाईंच्या इ. स. १७४७ च्या पाकग्रंथांत यॉर्कशायरची नाताळची पाई आहे. तींत टर्की, हंस, कोंबडी, तित्तर व पारवा हे पक्षी हाडें काढून एकांत एक भरीत. ती पेटींतून लंडनला भेट म्हणून जाई. सबब भिंती भक्कम असाव्या, अशी बाईंची ताकीद आहे.

पुढें भाजण्याच्या थाळ्या घरोघर आल्या. भिंतींचें काम थाळीनें केलें आणि वरचें खुसखुशीत झांकण तेवढें राहिलें. इ. स. १८६१ च्या ग्रंथांत इझाबेला बीटन बाईंनीं उरल्या मांसाच्या कृती निराळ्या दाखवून खर्चाचे आंकडेही मांडिले. अमेरिकेंत हाच प्रकार पॉट-पाई ह्या नांवानें रूढ झाला.

कृति सोपी आहे. मांस सोडवून हाडें उकळावीं. लोण्यांत मैदा परतून त्या रसानें सारवावा. मांस व भाज्या घालून निवूं द्यावें. मग लाटलेलें झांकण लावून भाजावें.

जी पाई पूर्वीं मांस टिकवी, तीच पुढें उरलेलें अन्न वांचवूं लागली. हाडही वायां न दवडणें, हीच तिची थोरवी आम्हांस वाटते.