चार आण्यांचं तिकीट

सिनेमाच्या इतिहासात सिनेमा काढणाऱ्यांची नावं असतात. पाहणाऱ्यांची कोण ठेवतो? मला मात्र या पाहणाऱ्यांचंच जास्त कुतूहल वाटतं. कारण काढणारे आधी पाहणारेच होते!

७ जुलै १८९६. मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचे हिंदुस्थानातले पहिले खेळ झाले. त्यांचा माणूस मारियस सेस्टिए खरं तर ऑस्ट्रेलियाला निघाला होता, मुंबई वाटेत लागली. स्टेशनात येणारी आगगाडी, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, समुद्रस्नान... एकेक चित्र जेमतेम मिनिटभराचं. तिकीट एक रुपया. तेव्हाचा रुपया!

आठवड्याभरात हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात सुरू झाले आणि मला खरी गोष्ट तिथं दिसते. तिथं पुढे तिकिटांचे वेगवेगळे दर ठेवले गेले, चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत. पडद्यातल्या बायकांसाठी वेगळे बॉक्सही होते. म्हणजे हा कार्यक्रम कुणी पाहायचा, हा प्रश्न पहिल्याच महिन्यात आला आणि त्याचं उत्तर दार थोडं अधिक उघडून दिलं गेलं. चार आणेवाल्याला आणि दोन रुपयेवाल्याला दिसली ती आगगाडी एकच.

ल्युमिएरचे हे खेळ पाहणाऱ्यांत एक होते हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा. मुंबईत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, ते स्वागतही त्यांनी टिपलं. पाहणारा अवघ्या तीन वर्षांत दाखवणारा झाला.

दादासाहेब फाळक्यांचं तर सर्वांना ठाऊक आहे. गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले. पण मला त्यातला पुढचा तपशील जास्त आवडतो. ते पुन्हा गेले, तेव्हा पत्नी सरस्वतीबाईंना बरोबर घेऊन गेले. पुढे फाळक्यांनी इतके सिनेमे पाहिले की डोळ्यांवर बेतलं, विम्याची पॉलिसी गहाण पडली. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' कॉरोनेशनमध्ये लागला, त्यामागे सरस्वतीबाईंचेही हात होते. फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं, ही कामं त्या करत होत्या. बरोबर नेलेला प्रेक्षक कामाला लागला तो असा!

असाच प्रकार १९५२ साली झाला. जानेवारीत मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. डी सिकाचा 'बायसिकल थीव्ज', कुरोसावाचा 'राशोमोन' आपल्याकडच्या लोकांनी एकत्र बसून पाहिले. त्या प्रेक्षकांत बिमल रॉय होते. पुढच्याच वर्षी 'दो बिघा जमीन' आला.

आज काय आहे? वॉटसनची इमारत, आताची एस्प्लनेड मॅन्शन, धोकादायक म्हणून २०१९ साली रिकामी करण्यात आली. १९९९ पासून तिच्याच परिसरात काळा घोडा महोत्सव भरतो. तिथं तिकीट नसतं, म्हणून मला तो आवडतो. गर्दीत ढकलाढकली होते खरी, पण कॉलेजची पोरं आणि आजीबाई एकाच मांडणीसमोर उभ्या दिसतात. त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल की पहिला खेळ इथंच झाला?

करोनाच्या काळात तर महोत्सव घरात आले. जानेवारी २०२१ मध्ये गोव्याचा इफ्फी निम्मा ऑनलाइन झाला. मी त्याला नावं ठेवणार नाही. आडगावच्या मुलासाठी मोबाईल हेच आजचं चार आण्यांचं तिकीट आहे. फक्त एक गोष्ट खटकते. त्या तिकिटावर माणूस एकटाच बसतो. मधेच थांबवतो, पुढे सरकवतो, आणि संपल्यावर बोलायला शेजारी कुणी नसतं.

दार उघडं ठेवणारे लोक हवेत, तसे बरोबर नेणारेही हवेत. इमारत वाचेल की नाही, ते आपल्या हातात नाही. पण पुढच्या वेळी सिनेमाला, प्रदर्शनाला, नाटकाला जाल तेव्हा ज्याला तिथं कुणी बोलावलेलं नाही अशा एकाला बरोबर न्या. तो पुढे काय करेल, सांगता येत नाही!